घुंगरं सोडल्यावर

जयश्री गडकरांनी नाचणाऱ्या बाईचं नाव मोठं केलं, असं काकाजी म्हणतात. मोठं नाव जयश्रीबाईंचं झालं, नाचणारी बाई होती तिथंच राहिली, असं त्यांची पुतणी म्हणते. साकोली तालुक्यातल्या त्यांच्या घरात हा वाद जुनाच आहे. दिवाळीनंतर मंडया भरू लागल्या, धान कापून झाले, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, आणि नाटकांच्या जाहिराती गावोगाव फिरू लागल्या की तो पुन्हा निघतो. यंदा मी ऐकायला बसलो होतो.

काकाजी सत्तरीच्या पुढचे. तरुणपणी खडी गंमत करायचे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला हा खेळ ढोलकी-तुणतुण्यावर उभ्याउभ्या, रात्रभर चालतो आणि त्यात बाईची सोंगं पुरुषच घेत आले. काकाजींनी बरीच वर्षं लुगडं नेसून, पायात घुंगरं बांधून नाच केला. पुतणी कॉलेजात इंग्रजी शिकवते आणि वर्गात मुलांना जुने अमेरिकन सिनेमे दाखवते. नावं छापायची नाहीत, ही दोघांची अट. काकाजींची आणखी एक होती: 'माहं बोलनं पुन्याच्या भाषेत नको लिहू.' ती मी जमेल तशी पाळली आहे.

वादाला लागणारा मजकूर आधी सांगून टाकतो. जयश्री गडकरांचा जन्म २१ मार्च १९४२ चा, कारवारजवळच्या कणसगिरीचा. तमाशाच्या मुलखाशी जन्माचं नातं काही नाही. लहानपणापासून नाच शिकल्या. व्ही. शांताराम यांच्या 'झनक झनक पायल बाजे'त (१९५५) संध्याबाईंच्या मागे नाचणाऱ्या मुलींच्या घोळक्यात त्या होत्या. पुढच्या वर्षी 'दिसतं तसं नसतं'मध्ये एक नाच मिळाला. आणि १९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला. पटकथा व्यंकटेश माडगूळकरांची, गाणी गदिमांची, संगीत वसंत पवारांचं. पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये तो सव्वाशेहून जास्त आठवडे चालला. मागच्या ओळीतली मुलगी पुढे आली तेव्हा सतरा वर्षांची होती.

काकाजी : मी तो पिक्चर टूरिंग टाकीजमध्ये पायला, जत्रंत. निघाल्यावर कित्येक वर्षांनी आमच्याकडे आला असन. बसायले पोतं घेऊन गेलतो. आमच्या गुरूनं शिकवलं होतं का नाच कमरंत असते अन् टाचंत असते. या बाईले पायलं अन् समजलं का नाच भिवईत असते. दुसऱ्या दिवशी आरशासमोर बसलो. माय म्हने, पोट्ट्याले का झालं बाप्पा!

पुतणी : कॅमेरा जवळ गेला म्हणून भिवई दिसली, काकाजी. तुमच्या गमतीत गाव बसायचं. गॅसबत्तीच्या उजेडात शेवटच्या माणसाला भिवई दिसायची का?

काकाजी : नाही दिसे. म्हनूनच तर शिकाव लागलं. भिवई उचलली का मान बी थोडी उचलाची, मान उचलली का पदर हालते, अन् पदर शेवटच्या मानसाले दिसते. तिनं पडद्यावर जे लहान केलं ते मी मोठं करून घेतलं.

पुतणी : आणि गायचं?

काकाजी : गायचं माहं मीच. तिथंच तर फरक हाये. तिचा नाच तिचा, पर आवाज आशाबाईचा. मी नाचताना गायचो, गाताना धापा लागत, धाप लपवाले गिरकी घ्यायचो. तिले धाप लागली तर कॅमेरा बंद करत असन.

हे ते जयश्रीबाईंना कमी लेखण्यासाठी बोलले नाहीत. कारागीर दुसऱ्या कारागिराची हत्यारं पाहतो, तशा सुरात बोलले. पण त्यात एक मोठी गोष्ट आहे. फडावरची बाई एकटीच गाते, नाचते, सवाल-जवाब करते, पाटलाला टोमणा मारते. सिनेमानं तिचे तुकडे केले. आवाज आशा भोसले किंवा सुलोचना चव्हाण यांचा, पाय आणि चेहरा जयश्रीबाईंचा, शब्द माडगूळकरांचे. सुलोचनाबाई तर डोईवर-खांद्यावर पदर घेऊन, जागेवर उभ्या राहून लावणी गायच्या. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. गाणाऱ्या बाईला गरतीसारखं उभं राहता आलं, कारण नाचायचं काम दुसरीकडे दिलेलं होतं. सगळा ठपका मग उरला पायांवर.

पुतणीचा मुद्दा इथूनच सुरू होतो.

पुतणी : मी मुलांना दोन जुने वेस्टर्न दाखवते. एक १९३९ चा, 'डेस्ट्री राइड्स अगेन'. मार्लेन डिट्रिक त्यात दारूच्या गुत्त्यात गाणारी-नाचणारी फ्रेंची आहे. सगळा सिनेमा तिच्या जिवावर चालतो. शेवटी नायकावर झाडलेली गोळी ती आपल्या अंगावर घेते आणि मरते. दुसरा १९४६ चा जॉन फोर्डचा, 'माय डार्लिंग क्लेमेंटाइन'. त्यातही गुत्त्यातली एक बाई आहे, चिहुआहुआ, लिंडा डार्नेलनं केलेली. तिलाही गोळी लागते. आणि बोस्टनहून आलेली शिकलेली मुलगी गावात मास्तरीण म्हणून राहते.

काकाजी : मंग तुले का तकलीफ? तू तर मास्तरीनच हायेस.

(इथं वाद काही वेळ थांबला, कारण पुतणीला हसू आवरेना.)

पुतणी : तकलीफ ही, की दोन देश, दोन भाषा आणि गोष्ट एकच. तिकडे शेरीफ, इकडे पाटील. तिकडे गुत्ता, इकडे फड. नाचणाऱ्या बाईवर सिनेमाचं पोट चालतं आणि शेवटच्या रिळात तिची अडचण होते. मग एक तर तिला मारायचं, नाही तर कुणाशी तरी लग्न लावून घरात घ्यायचं.

काकाजी : काऊबॉयचा पिक्चर मी बी पायला. नागपूरले. 'मॅकेनाज गोल्ड'. सारा नागपूर लोटला होता.

पुतणी : त्यातली हेश-के आठवते? अपाची बाई?

काकाजी : ते उंच? जी बोलतच नाही?

पुतणी : तीच. ज्युली न्यूमार. बॅले शिकलेली, ब्रॉडवेवर टोनी पुरस्कार मिळवलेली. 'सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स'मध्ये सातांतली एक नवरी होती ती. अशा नटीला वेस्टर्नमध्ये काम काय, तर अंग दाखव, डोळे वटार, बोलू नको आणि शेवटी मर.

काकाजी : पर आमची जयश्री मेली का? नाही मेली. गावासमोर उभी राहून तिनं पाटलाचं पाप सांगितलं. बंदूक नाही, पोलीस नाही. फडावरून सांगितलं. तुह्या त्या गोऱ्या बाईले कोनी बोलू दिलं का इतकं?

हा टोला चांगला बसला. तमाशापटांना 'पाटील आणि तमासगिरीण' म्हणून नाक मुरडणाऱ्या समीक्षकांनी ही गोष्ट फार लक्षात घेतली नाही, असं मला नेहमी वाटत आलं आहे. 'सांगत्ये ऐका'मध्ये बदला घेण्याचं साधनच वग आहे. गावानं जी जागा करमणुकीसाठी दिली, तीच जागा साक्षीचा पिंजरा होते. कोर्टात जे कुणी ऐकून घेतलं नसतं ते ढोलकी वाजते म्हणून गाव ऐकतं. खडी गमतीत आणि दंडारीत हे झाडीपट्टीनंही पाहिलं आहे. सावकाराची टिंगल त्याच्यासमोर, त्याच्याच वर्गणीतून झालेली आहे.

पुतणी : ऐकतं, मान्य. पण ती कोण म्हणून ऐकतं? ती पाटलाचीच मुलगी निघते. गरतीच्या पोटची. तमासगिरीण तिला फक्त वाढवते. म्हणजे प्रेक्षकाला तिची कीव यायला रक्त घरंदाज लागतं. फडावर जन्मलेली असती तर?

काकाजी : 'वैजयंता' पाय. थे तर तमाशातल्याच घरची.

पुतणी : ती अण्णाभाऊ साठ्यांची गोष्ट आहे, काकाजी. ज्यानं स्वतः लोकनाट्यं उभी केली, त्याच्या कादंबरीत तमाशातली मुलगी तमाशातलीच असते. तिला चांगली ठरवायला पाटील बाप शोधावा लागत नाही.

काकाजी : मंग त्या पिक्चरमध्ये बी जयश्रीच होती ना! १९६१ चा हाये. गजानन जागीरदारानं काढला.

पुतणी : होती. मी तेच म्हणते. खऱ्या तमाशातल्या घरचीचं सोंगसुद्धा कारवारकडच्या मुलीनं घ्यायचं. विठाबाईंनी काय करायचं?

विठाबाई नारायणगावकरांचं नाव निघालं की आमच्याकडे एकच प्रसंग सांगितला जातो. नऊ महिने भरलेले असताना त्या नाचत होत्या. खेळ चालू असताना कळा आल्या. मागे जाऊन बाळंत झाल्या, नाळ दगडानं ठेचून तोडली आणि पुन्हा फडावर आल्या. ऐकणारा कळवळतो, कधी कधी टाळ्याही वाजवतो. पुतणीला या टाळ्यांचा राग येतो. १९५७ मध्ये आणि नंतर १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते विठाबाईंचा सन्मान झाला. २००२ साली त्या गेल्या, तोपर्यंतचे अखेरचे दिवस ओढाताणीतच गेले. आता त्यांच्या नावानं राज्य सरकार पुरस्कार देतं. पहिला सन्मान झाला तेव्हा जयश्रीबाई पंधरा वर्षांच्या होत्या आणि 'सांगत्ये ऐका' यायला दोन वर्षं होती. म्हणजे खरी आणि पडद्यावरची, दोघी एकाच वेळी गाजत होत्या, दोन वेगळ्या तंबूंत.

काकाजी : पडद्यावरच्या बाईनं खऱ्या बाईचं का बिघडवलं? उलट पिक्चर पाहून लोक फड पाहाले जात.

पुतणी : काय बिघडवलं ते तुम्हालाच विचारते. खेळ संपला, सकाळ झाली की तुम्ही काय करायचे?

काकाजी : का करू? लुगडं सोडायचो, तोंड धुवायचो, बांधीवर जायचो. धान तर कोनी वाट पाहात नाही.

पुतणी : सोडायचे ना? रात्री बाई, सकाळी शेतकरी. जयश्रीबाईंनाही ते जमलं. शूटिंग संपलं, नऊवारी उतरवली, घरी गेल्या. विठाबाईंना उतरवता येत होती का? सकाळी बाजारात गेल्या तरी त्या विठाबाईच. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. नाचणाऱ्याची किंमत तो नाचतो कसा यावर ठरत नाही, घुंगरं सोडल्यावर लोक त्याला काय म्हणतात यावर ठरते.

काकाजी : तुले वाटते का सोप्पं होतं? लगन जुळाले किती साल गेले, इचार तुह्या काकीले. पोरीचा बाप घरी ये, पानी पिये, अन् जाताना इचारे, 'हाच का थो नाचणारा?' अजून बी एखादा म्हातारा पाटावर भेटला तर कमरेवर हात ठेवून दाखवते. 'नटरंग' निघाला तवा पोट्टे मले घेऊन गेले. अतुल कुलकर्नीनं काम भारी केलं. पर त्यात थो गुना सोंग घ्याले तयार होते तवा जे रडते-झुरते, थे मले नाही पटलं. मले लुगड्याची लाज नव्हती. लाज सकाळी येई, पँट घातल्यावर. रातभर ज्यानं दौलतजादा केली तोच सकाळी रस्त्यावर थुंके.

पुतणीनं यावर लगेच उत्तर दिलं नाही. मलाही तिचा मुद्दा थोडा सैल झाल्यासारखा वाटला. लुगडं सोडता येणं आणि लोकांनी ते सुटलंय असं मानणं, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. काकाजींना पहिली मिळाली, दुसरी अर्धीमुर्धीच. जयश्रीबाईंना दोन्ही मिळाल्या, पण आपोआप नाही मिळाल्या. त्यासाठी काय करावं लागलं ते पाहायचं तर 'सांगत्ये ऐका'मधल्याच दुसऱ्या बाईकडे वळायला हवं.

त्या सिनेमात जयश्रीबाईंच्या चिमेला वाढवणारी तमासगिरीण हंसा वाडकरांनी केली होती. बारा वर्षांपूर्वी, १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी'त, फडावरची बया हंसाबाईच होत्या. मराठीतली तमाशापटांची लाट त्या सिनेमानं आणली. म्हणजे १९५९ साली पडद्यावर जे घडलं ते एका नटीनं दुसरीच्या हाती घुंगरं देण्यासारखंच होतं. हंसाबाई तेव्हा अवघ्या छत्तीस वर्षांच्या होत्या.

पुतणी : आणि बारा वर्षांनी त्या गेल्या. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी. जाण्याआधी 'माणूस'मध्ये सगळं सांगून गेल्या. अरुण साधूंनी ते शब्दांत आणलं. पुस्तकाचं नाव काय ठेवलं? 'सांगत्ये ऐका'. सिनेमात गावासमोर सगळं सांगून झालं होतं, पण स्वतःचं राहिलंच होतं. मग श्याम बेनेगलनी त्यावर 'भूमिका' केला आणि स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुन्हा तेच. भोगलं एकीनं.

काकाजी : पर तिच्या दुखाले जयश्री जबाबदार नाही.

पुतणी : नाही. पण जयश्रीबाई हुशार होत्या. त्यांनी ते जवळून पाहिलं. म्हणून दार दिसलं तसं त्या बाहेर पडल्या.

काकाजी : कवा बाहेर पडली? १९६४ ले 'सवाल माझा ऐका' हाये. नाचलीच ना?

काकाजींचं बरोबर आहे, आणि माझ्या मते या कारकिर्दीतला सगळ्यात विचार करण्याजोगा भाग हाच आहे. 'अवघाची संसार' १९६० चा. १९६१ मध्ये एकीकडे 'वैजयंता', दुसरीकडे 'मानिनी'. १९६३ मध्ये भालजी पेंढारकरांची 'मोहित्यांची मंजुळा', १९६४ मध्ये पुन्हा फडावर, १९६५ मध्ये भालजींच्याच 'साधी माणसं'मध्ये लोहाराची बायको. याच वर्षांत त्या बोर्डावर आणि चुलीपुढे, दोन्हीकडे उभ्या राहिल्या आणि प्रेक्षकांनी दोन्हीकडे त्यांना आपलं म्हटलं. लीला गांधींसारख्या कसलेल्या नर्तिकेला मराठी सिनेमानं प्रामुख्यानं नाचातच ठेवलं. जयश्रीबाईंनी आधी नाच सोडून मग इभ्रत मिळवली असं झालं नाही, काही वर्षं तरी दोन्ही बरोबरीनं चालवून दाखवलं. अनंत माने हेच दिग्दर्शक जयश्रीबाईंना घुंगरंही देत होते आणि 'मानिनी'तलं कुंकूही. पुढे मात्र पारडं झुकत गेलं. सोसणारी सून, रडणारी बहीण, मग आई. सुमारे अडीचशे सिनेमांच्या यादीत उत्तरार्धाची नावं वाचताना ढोलकी ऐकू येईनाशी होते.

१९७५ साली त्यांनी नट बाळ धुरींशी लग्न केलं. २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर रामानंद सागरांचं 'रामायण' सुरू झालं. दशरथ बाळ धुरी, कौसल्या जयश्री गडकर.

आणि इथं वादाची गंमत झाली. दोघांनी न कळत जागा बदलल्या.

काकाजी : त्या रामायनानं माह्या जयश्रीले बुडी केलं. गावात एकच टीव्ही होता, लोक हार घालत, उदबत्ती लावत. मी बी गेलतो. डोक्यावर मुकुट, डोळ्यात पानी, हात जोडलेले. जिची भिवई उचलली का टाकीज हाले, तिले नुसतं बसवून ठेवलं. पंचेचाळीस वर्षांची बी नव्हती तवा. मी त्या वयात रातभर नाचत होतो!

पुतणी : तुम्हीच म्हणत होता ना, तिनं नाव मोठं केलं? हे त्या नावाचंच फळ आहे. अख्ख्या देशानं तिला पाहिलं.

काकाजी : देशानं कौसल्येले पायलं. जयश्रीले कवा पायलं?

पुतणी : काकाजी, चव्वेचाळिसाव्या वर्षी नाचणाऱ्या बाईला या धंद्यात कोण काम देतं? तिच्या वयाचे नायक तेव्हा वीस वर्षांच्या पोरींबरोबर झाडामागं पळत होते. तिनं काम मिळवलं, नवऱ्याबरोबर मिळवलं, मानानं केलं, आणि पुढेही करत राहिली. मला नाही त्यात काही हरलेलं दिसत.

काकाजी : अबे, मंग मघापासून तू का भांडत होतीस? का नाचनारीले नाच सोडल्यावरच इज्जत भेटते म्हनून?

पुतणी : भांडत होते, आणि भांडतेच आहे. ज्यांनी तिला तो सोडायला लावला त्यांच्याशी. ज्या बाईनं सोडला तिच्याशी माझं भांडण नाही.

काकाजी : अन् माहं आहे. जिच्या पायात थे होतं, तिनं सोडाले नको होतं. लोकायनं का म्हटलं असतं? म्हनू देयाचं. मले म्हनलंच ना?

मला दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या वाटत नाहीत. काकाजी कलावंताची बाजू घेतात आणि ती ऐकायला फार देखणी आहे. पण त्यांच्याकडे बांधी होती. पाऊस झाला की रोवणी, दिवाळीला कापणी, मधल्या रात्री नाच. बाईला, तेही सिनेमातल्या, असं दुसरं पोट नसतं. म्हणून इथं मी पुतणीच्या बाजूचा. मात्र जयश्रीबाईंच्या नाचाविषयी बोलायचं झालं तर मला पुतणीपेक्षा काकाजींचं ऐकायला आवडेल, कारण ती नाच पाहतच नाही, नाचाचं काय झालं एवढंच पाहते.

बोलणं मग घराजवळ आलं. झाडीपट्टीत आता बाईचं काम बाईच करते. दिवाळी ते होळी हा हंगाम. वडसा-देसाईगंजला नाटक मंडळ्यांची कार्यालयं, तिथून भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या गावांची बुकिंगं. रात्री जेवणं उरकून नाटक सुरू होतं ते झुंजूमुंजू होईपर्यंत. गाव, पट आणि नाटक यांची गाठ इतकी घट्ट की २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यतीवर बंदी आणली तेव्हा कित्येक गावांतली नाटकंही मंदावली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये कायद्यावर शिक्कामोर्तब झालं, तसे पटाचे पाहुणे पुन्हा मुक्कामाला येऊ लागले. त्याच वर्षी झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली.

पुतणी : माझ्या ओळखीची एक मुलगी आहे. हंगामात रोज रात्री वेगळं गाव. नायिकेचं काम करते, गाणं स्वतः गाते, मधे लावणी असेल तर तीही करते. गाडीत झोपते. म्हणजे तुमच्या त्या तीन तुकड्यांची पुन्हा एक बाई झाली. तिची कुणी कारकीर्द लिहिणार आहे का?

काकाजी : काम चांगली करते. नाच नाही येत.

पुतणी : तुम्हाला कुणाचाच येत नाही असं वाटतं.

काकाजी : पदर धरनं नाही येत म्हनतो. रेकार्ड लावते, पाय आपटते, शिट्ट्या पडते. ढोलकीवाला रिकामा बसून बिडी पिते. अन् हँडबिलावर हिरोईन येगळी लिवते, डान्सर येगळी. डान्सरचा फोटो मोठा, हिरोईनचं नाव आधी. म्हंजे पाय पाहाले या, पर आम्ही इज्जतदार नाटक दाखवतो.

पुतणी : हेच तर मी सकाळपासून सांगते आहे!

काकाजी : सांग ना मंग. मी कोठी नाही म्हनलं?

एक प्रश्न मात्र दोघांनाही सुटला नाही, आणि तो मीच काढला होता. जयश्रीबाईंनी पुढे स्वतः दिग्दर्शन केलं. 'सासर माहेर' आणि 'अशी असावी सासू' हे त्यांचे सिनेमे. कॅमेरा, गोष्ट, माणसं, सगळं पहिल्यांदा त्यांच्या हाती होतं. तेव्हा त्यांनी नाचणाऱ्या बाईची गोष्ट का नाही काढली? ढोलकी, वग, फड, सगळं त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? निवडली ती सासू-सुनेची गोष्ट. २९ ऑगस्ट २००८ रोजी त्या गेल्या. 'अशी मी जयश्री' हे आत्मचरित्र त्यांच्या मागे आहे, पण असा सिनेमा नाही.

पुतणी म्हणाली, पैसा घालणाऱ्यानं दिला नसता. त्या काळात तिकीटबारीवर बायका रुमाल घेऊन यायच्या, शिट्ट्या मारणारे मागे पडले होते. काकाजींना ते पटलं नाही. त्यांच्या मते तिला भीती वाटली असणार, की पुन्हा नाच दाखवला तर इतक्या वर्षांची मेहनत जाईल, लोक परत चिमा म्हणून हाक मारतील.

'मी असतो तर तमाशाच काढला असता,' काकाजी म्हणाले.

'आणि हिरोईन कोण?' पुतणीनं विचारलं.

'कोन म्हंजे? मीच!'

'या वयात?'

'मेकअप कायले असते मंग?' असं म्हणून ते उठले आणि आजच्या नाटकाला पुढची जागा धरून ठेवायला नातवाला पाठवू लागले.